स्कूप हवेसाठी असतो आणि बंपर धक्क्यासाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकी मसल कारच्या, म्हणजे 1960-70 च्या सुमाराच्या जबर इंजिनांच्या गाड्यांच्या, सजावटीविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पानभर जागा द्यावी याचे अप्रूप वाटले आणि छायाचित्रेही देखणी होती. मात्र लेखातील दोन विधाने अशी आहेत की त्यांवर विश्वास ठेवून कोणी बॉनेटला कटर लावला, तर झालेले नुकसान सहजी भरून येणार नाही. पहिले विधान असे की, बॉनेटवरचा स्कूप, म्हणजे हवा आत घेण्यासाठीचे उंचवट्याचे तोंड, जितका मोठा तितकी इंजिनाची ताकद अधिक. दुसरे असे की, बंपर काढून टाकले किंवा बॉडीलगत ओढून घेतले की गाडी सुटसुटीत दिसते आणि त्यात गमावण्यासारखे काही नसते. माझी नोकरी मोटारींच्या बॉडीच्या कामाशी निगडित होती आणि अशा काही गाड्यांच्या दुरुस्तीला माझाही हात लागलेला आहे. तेवढ्याच अधिकाराने या दोन्ही विधानांबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आधी स्कूप. मसल कारचा इतिहास जिथून सुरू झाला असे बहुतेक जण मानतात, त्या 1964 च्या पॉन्टिअॅक जीटीओच्या बॉनेटवर दोन स्कूप होते आणि ते दोन्ही नकली होते. त्यांतून इंजिनाला हवेचा एक घोटही जात नसे. 1965 च्या मॉडेलवर मधोमध एकच स्कूप आला आणि तो खरोखर उघडून कार्ब्युरेटरला जोडण्याचे साहित्य पॉन्टिअॅकने त्याच वर्षी विक्रीला ठेवले. म्हणजे शोभेचा स्कूप आणि कामाचा स्कूप हा भेद या गाड्यांच्या जन्मापासूनचा आहे. शोभेचा स्कूप बसवणे हा काही गुन्हा नव्हे. कारखान्यांनीच ते हजारोंनी बसवले. तक्रार एवढीच आहे की, शोभेच्या वस्तूला ताकदीचे श्रेय देऊ नये, आणि जी वस्तू नुसती शोभेची आहे तिच्यासाठी मूळ पत्रा कापू नये.

कामाचा स्कूप नेमके काय काम करतो, याविषयी लेखात बराच गोंधळ आहे. वेगाने येणारी हवा स्कूपमध्ये ‘कोंबली’ जाते आणि त्या दाबाने इंजिन जोर धरते, असे लेखकाने म्हटले आहे. हिशेब करून पाहावा. ताशी 100 किलोमीटर वेगाने येणाऱ्या हवेला पूर्णपणे अडवले, तरी तिचा जादा दाब सुमारे 460 पास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कादेखील नाही. वेग 160 वर नेला तर तो सव्वा टक्क्याच्या आसपास जातो. एवढ्या दाबाने चालकाला फरक जाणवणे अशक्य आहे. खरा लाभ आहे तो थंड हवेचा. बंद बॉनेटखाली, रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या शेजारी, हवा सहज 65 अंशांपर्यंत तापते. बाहेर ती 30 अंशांवर असेल तर बाहेरची हवा सुमारे 11 टक्के अधिक घन असते. इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही, पण जी काही वाढते ती यामुळे वाढते. तात्पर्य हे की स्कूपच्या तोंडाच्या आकाराला फारसा अर्थ नाही. ती हवा वाटेत न तापता थेट एअर फिल्टरपर्यंत पोहोचते की नाही, यालाच सगळा अर्थ आहे.

आकाराचाही हिशेब अवघड नाही. 400 घनइंचांचे, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचे इंजिन मिनिटाला 5500 फेऱ्यांवर फिरत असेल, तर ते दर दोन फेऱ्यांत एकदा या न्यायाने मिनिटाला जास्तीत जास्त 18 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 300 लिटर हवा ओढते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नसल्यामुळे आकडा याहून कमीच असतो. ताशी 100 किलोमीटर वेगाला एवढी हवा 110 चौरस सेंटिमीटरच्या तोंडातून सुखाने आत येते. म्हणजे 30 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम चार सेंटिमीटर उंच अशी फट पुरे. खालच्या गियरमध्ये फेऱ्या जास्त आणि वेग कमी असतो, म्हणून हे माप दुप्पट धरले तरी आठ सेंटिमीटर उंचीपलीकडे जाण्याचे कारण उरत नाही. पेटीएवढा स्कूप बसवणाऱ्याने तो दिसण्यासाठी बसवला आहे असे समजावे आणि त्याला तसे म्हणण्याचा संकोचही वाटू नये.

स्कूप कुठे बसवावा हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. धावत्या गाडीच्या नाकावर हवेचा दाब जास्त असतो. बॉनेटच्या पुढच्या कडेवरून ती वर चढते तिथे दाब घटतो. आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी ती पुन्हा अडते, तेव्हा दाब परत वाढतो. शिवाय बॉनेटच्या पत्र्याला लागून हवेचा एक मंद थर सरकत असतो, त्यामुळे बॉनेटच्या मध्यावर चपटा, पत्र्याला चिकटलेला स्कूप दिसायला कितीही आक्रमक असला तरी त्याच्या वाट्याला ही आळशी हवाच येते. जुन्या कारखान्यांनी यावर शोधलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. 1964 च्या फोर्ड थंडरबोल्टमध्ये आतले दोन हेडलाइट काढून त्यांच्या जागेतून हवेच्या नळ्या 427 घनइंचांच्या इंजिनापर्यंत नेल्या होत्या. ओल्ड्समोबिलने 1968 च्या 442 या मॉडेलमध्ये डब्ल्यू-30 पॅकेज घेणाऱ्यांसाठी बंपरच्या खालीच तोंडे बसवली. शेव्हरलेने उलटा विचार केला आणि स्कूपचे तोंड मागे, काचेकडे वळवले. 1969 च्या कॅमॅरोवरचे काउल इंडक्शन बॉनेट, म्हणजे काचेच्या पायथ्याकडून (काउलकडून) हवा घेणारे बॉनेट, हे त्याचेच उदाहरण. 1970 च्या शेव्हेल एसएसवर या स्कूपच्या मागच्या टोकाला एक झडप होती. चालकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनातील निर्वात कमी होई आणि ती झडप आपोआप उघडत असे. नाकासमोर काहीही न दाखवता काम करणारा हा स्कूप मला या सर्वांत शहाणा वाटतो.

शेकर हा प्रकार दिसायला सर्वांत लोभस आहे. 1969 च्या मस्टँगमध्ये 428 कोब्रा जेट इंजिनाबरोबर तो मिळत असे. यात स्कूप बॉनेटवर नसून थेट एअर क्लीनरवर बसवलेला असतो आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून तो वर डोकावतो. इंजिन हलले की तोही हलतो. 1970 मध्ये प्लिमथ कूडावर आणि पॉन्टिअॅक ट्रान्स अॅमवर तो आला; ट्रान्स अॅमवर त्याचे तोंड मागे होते. पुढील वर्षांत आवाज आणि धुराच्या नियमांमुळे ट्रान्स अॅमचे ते तोंड कारखान्यातच बंद होऊ लागले. त्याच काळात प्लिमथने रोड रनरवर बसवलेला एअर ग्रॅबर मात्र निव्वळ गंमत होती: डॅशबोर्डखालचे बटण दाबले की बॉनेटमधून एक झाकण वर येई आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शार्कचे दात रंगवलेले असत. शेजारच्या गाडीतल्या माणसाने सिग्नलवर ते पाहावे, यापलीकडे त्या दातांचा उपयोग नव्हता. पण झाकणाखालची हवेची वाट मात्र खरी होती.

आता आपल्या गाडीसाठी यांतला कोणता निवडावा? माझे उत्तर असे की, प्रथम आपल्या मॉडेलला आणि त्याच वर्षाला कारखान्याने जे दिले होते ते पाहावे. कॅमॅरोवर डॉज चार्जरचा स्कूप आणि मस्टँगवर पॉन्टिअॅकचा, अशी सरमिसळ जाणकाराच्या नजरेला लगेच खटकते. पण हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. कारखान्याच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला बळकटीच्या पट्ट्या असतात आणि त्या मॉडेलच्या स्कूपला त्या पट्ट्यांतूनच जागा ठेवलेली असते. बाहेरचा स्कूप आणून बसवताना या पट्ट्या कापाव्या लागतात, आणि तसे झाले की ताशी शंभराच्या वेगाला बॉनेटची पुढची कड थरथरू लागते. म्हणून बॉनेटला भोक पाडण्यापेक्षा त्या स्कूपसह तयार मिळणारे संपूर्ण बॉनेट घ्यावे आणि मूळ बॉनेट पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावे, हा सल्ला मी प्रत्येकाला देत आलो आहे. गाडी कधी विकायची झाली तर ते जुने बॉनेट नव्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

या मोलाचा संबंध कागदपत्रांशीही आहे. क्रायस्लरच्या, म्हणजे प्लिमथ आणि डॉज यांच्याही, गाड्यांत इंजिनाच्या कप्प्यात एक लहानशी पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यावर गाडीबरोबर कारखान्यातून काय काय दिले त्याचे सांकेतिक क्रमांक ठोकलेले असतात. ताजी हवा घेणाऱ्या बॉनेटचा संकेत एन-96 आहे. फोर्डच्या 1967 पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट नावाचा अहवाल मिळतो, ज्यात ती गाडी मुळात कशी बनली ते लिहिलेले असते. ज्या गाडीच्या पट्टीवर एन-96 आहे तिला एअर ग्रॅबर बसवणे म्हणजे तिचे तिला परत देणे. ज्या गाडीच्या पट्टीवर तो नाही तिलाही तो खुशाल बसवावा, फक्त विकताना तो मुळातला म्हणून विकू नये. तेवढा प्रामाणिकपणा या व्यवहारात पुरेसा आहे.

बसवण्याच्या कामातील एक गोष्ट मी जवळून पाहिलेली आहे, ती लिहितो. नवीन, उंच इन्टेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरखालचा, सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) आणि मोठा एअर क्लीनर घातल्यावर बॉनेट लागेल की नाही हे नजरेने ठरवता येत नाही. जाणता कारागीर एअर क्लीनरच्या वर, चार ठिकाणी, मऊ मातीचे बोटभर उंच गोळे ठेवतो, बॉनेट हळूच बंद करतो, कुलूप लागल्याचा आवाज आला की परत उघडतो आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजतो. सर्वांत पातळ गोळा जिथे सापडेल तिथे खरी अडचण असते. त्यातही इंजिन जोरात खेचताना रबरी माउंटवर एका अंगाला कलते, म्हणून त्या बाजूची जागा थोडी जास्त सोडावी लागते. शेकरच्या भोवती कारखान्याने बॉनेटच्या भोकात जो मोकळा काठ ठेवलेला असतो तो याचसाठी. हे न मोजता बसवलेल्या स्कूपची कड आणि बॉनेटची कड एकमेकांना घासून, पहिल्याच जोरदार धावेत रंगाचे टवके उडालेले मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट सीलची. स्कूपच्या खाली एअर क्लीनरभोवती एक तबक असते आणि त्या तबकाच्या काठावरचे जाड स्पंजचे किंवा रबराचे कडे बंद बॉनेटला सगळीकडून टेकले पाहिजे. ते टेकत नसेल तर बाहेरची थंड हवा नुसती इंजिनाच्या कप्प्यात सांडते, फिल्टर मात्र पूर्वीसारखीच तापलेली हवा ओढत राहतो आणि मालक समाधानाने सांगत फिरतो की स्कूप ‘चालू’ आहे. मागे तोंड असलेल्या स्कूपचे सील फुटके असेल तर सिग्नलवर उभे असताना कप्प्यातील गरम हवा आणि वास काचेच्या पायथ्याशी जमतो आणि हीटरच्या वाटेने आत येतो. तबकाला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असावीत. पावसात किंवा गाडी धुताना वरून पडलेले पाणी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी साचून राहू नये. 1969 च्या जीटीओमध्ये रॅम एअरची, म्हणजे स्कूपमधून इंजिनाला हवा देण्याच्या व्यवस्थेची, झापे चालकाला बसल्या जागेवरून बंद करता यावीत म्हणून डॅशबोर्डखाली एक बटण दिलेले होते, ते उगीच नव्हे. आणि थंड, घन हवा मिळू लागली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते, म्हणून स्पार्क प्लगचा रंग पाहून कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रे) एखादा आकार मोठे करावे लागू शकतात. स्कूप बसवून कार्ब्युरेटरला हात न लावणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय.

फायबरग्लासच्या बॉनेटबद्दल लेखात केवळ ‘हलके’ एवढेच म्हटले आहे. हलके असते हे खरे. 1969 च्या मध्यावर डॉज सुपर बी आणि प्लिमथ रोड रनर यांवर 440 सिक्स पॅक इंजिनाबरोबर जे काळे फायबरग्लास बॉनेट आले, त्याला बिजागऱ्याच नव्हत्या, ते चार पिना काढून दोघांनी उचलून बाजूला ठेवावे लागे. आज बिजागऱ्यांवर बसणारे फायबरग्लास बॉनेट घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, जुन्या लोखंडी बॉनेटसाठी घडवलेल्या स्प्रिंग त्याला फार ताठ पडतात. त्याच ठेवल्या तर काही महिन्यांत बिजागरीजवळ बॉनेटला वाक येतो किंवा तडा जातो. स्प्रिंग हलक्या घ्याव्यात आणि पुढच्या कडेला पिना बसवाव्यात. लोखंडी बॉनेटवर फायबरग्लासचा सुटा स्कूप चिकटवून वरून रंग देणाऱ्यांनाही माझा इशारा आहे: उन्हात हे दोन पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि जोडाची रेषा, कितीही पुट्टी घासली तरी, कालांतराने रंगातून वर दिसू लागते.

काउल स्कूप घेताना उंचीचा मोह आवरावा. दोन इंचांचा उंचवटा बहुतेक इंजिनांना पुरतो. चार आणि त्याहून अधिक इंचांच्या बॉनेटमागून बसक्या बांध्याच्या चालकाला जवळचा रस्ता दिसत नाही. हे दुकानात उभे राहून कळत नाही, सीटवर बसूनच पाहावे लागते.

आता बंपरकडे वळतो, कारण लेखातील दुसरे विधान मला पहिल्यापेक्षा अधिक घातक वाटते. बंपर ही मसल कारची केवळ क्रोमची मिशी नव्हे. 1968 च्या जीटीओला एन्ड्युरा नावाचा, बॉडीच्याच रंगाचा, लवचीक पुढचा बंपर मिळाला. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत त्याच्यावर हातोड्याचे घाव घालून तो पुन्हा पूर्ववत होतो हे दाखवले गेले. ज्यांना तो नको होता त्यांना साधा क्रोम बंपर घेता येत असे. 1969 च्या कॅमॅरोवर रंगीत पुढच्या बंपरचा पर्याय होता, 1970 आणि 1971 च्या कूडावर इलॅस्टोमेरिक नावाचे रबरी आवरणाचे बंपर मिळत, आणि 1970 च्या मध्यावर आलेल्या कॅमॅरो रॅली स्पोर्टवर ग्रिलच्या दोन बाजूंना दोन छोटे अर्धे बंपर होते. ज्यांना लखलखता क्रोम आवडत नाही आणि गाडीचा चेहरा एकसंध हवा आहे, त्यांच्यासाठी त्या काळानेच इतकी उत्तरे देऊन ठेवली आहेत की बंपर काढून टाकण्याची गरजच उरत नाही. जुन्या एन्ड्युराला आज बारीक भेगा पडलेल्या असतात हे खरे, पण त्या लवचीक पदार्थाने भरून, रंगात लवचीकपणासाठीचे द्रव्य मिसळून दुरुस्त होतात. साधा कडक रंग दिला तर पहिल्या थंडीत तो तडकतो.

बंपर काढल्यावर काय होते ते एकाच उदाहरणाने स्पष्ट व्हावे. 1970 च्या शेव्हेलचे मागचे लाल दिवे मागच्या बंपरमध्येच बसवलेले आहेत. लेखात ज्या ‘मोकळ्या पाठी’ची तारीफ केली आहे ती या गाडीला दिली, तर दिव्यांसाठी मागच्या पत्र्यात नवीन जागा कोरावी लागेल, म्हणजे एका कापणीसाठी दुसरी कापणी. इतर गाड्यांत दिवे शाबूत राहतात, पण पार्किंगमधला साधा धक्का थेट ग्रिल, रेडिएटरचा आधार आणि मडगार्डच्या टोकांवर येतो, आणि ते भाग बंपरपेक्षा महागही आहेत आणि मूळचे मिळायला कठीणही.

बंपर आत ओढून घेण्याला माझा सरसकट विरोध नाही. नीट केले तर ते खरोखर शोभून दिसते. मात्र ते करण्याआधी आपली गाडी कोणत्या बांधणीची आहे हे पाहावे, कारण यावर सगळे अवलंबून आहे. शेव्हेल, जीटीओ, 442 या गाड्यांची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असून मध्ये रबरी गट्टू आहेत; बंपर चासीला बांधलेला आणि मडगार्ड बॉडीला. खड्ड्यातून जाताना हे दोन्ही एकमेकांच्या तुलनेत सरकतात, त्यामुळे मधली फट पार मिटवली तर बंपरची कड मडगार्डचा रंग खरवडणारच. इथे निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळीक मी ठेवीन, आणि त्याआधी झिजलेले गट्टू बदलीन. मस्टँग आणि क्रायस्लरच्या बहुतेक मसल कार यांची बॉडी आणि चासी एकसंध आहे, तिथे बंपर बॉडीबरोबरच हलतो आणि फट अधिक बारीक ठेवता येते.

बोल्टची गोल डोकी काढून बंपरचा पुढचा भाग सपाट करायचा असेल तर एक बाब कारागिराशी आधीच बोलून घ्यावी. क्रोमखाली तांबे आणि निकेलचे थर बसतात आणि ते फक्त धातूवर बसतात, पुट्टीवर नाही. म्हणून भोके धातूनेच भरावी लागतात, मागून नवे बोल्ट जोडावे लागतात आणि पुढची बाजू इतकी घासावी लागते की बोटांना वेल्डिंग जाणवू नये. क्रोमच्या आरशात अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही लाटेसारखा दिसतो. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक आहे. ते परवडत नसेल तर चांगला मूळ बंपर पुन्हा क्रोम करून घेणे आणि बोल्ट दिसू देणे यात काही कमीपणा नाही.

1973 आणि त्यानंतरच्या गाड्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकी सरकारच्या नियमानुसार 1973 च्या मॉडेलपासून पुढच्या बंपरने ताशी पाच मैलांचा आणि मागच्याने अडीच मैलांचा धक्का सहन करावा, आणि त्यात दिवे व इंधनव्यवस्था शाबूत राहावी, अशी सक्ती झाली. पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही पाच मैलांचे बंधन आले आणि बंपरची उंचीही ठरली. त्यातून ते जड, पुढे आलेले बंपर जन्मले, ज्यांना आज नावे ठेवली जातात आणि ज्यांच्या जागी 1972 पर्यंतचे सडपातळ बंपर बसवण्याची चाल पडली आहे. दिसण्याच्या दृष्टीने मला ती चाल पटते. पण हा बदल नुसत्या बंपरचा नसतो. ब्रॅकेट, खालचा पत्रा आणि पुष्कळदा ग्रिलभोवतीचा भागही बदलावा लागतो, आणि हे सगळे सुटे भाग जमल्याशिवाय जुने काढू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या काळातील अनेक बंपरांच्या मागे वायू आणि तेल दाबाखाली भरलेले धक्काशोषक दंडगोल असतात. त्यांना गॅसची ज्योत लावू नये, त्यांत ड्रिल घालू नये. आणि एखाद्या धडकेने आत दबून अडकलेला दंडगोल सोडवताना बंपरसमोर उभे राहू नये, कारण तो सुटला तर पूर्ण जोराने बाहेर येतो. पुरवणीतील एका छायाचित्रात अशा बंपरजवळ कारागीर कटिंग टॉर्च घेऊन बसलेला दिसतो. ते छायाचित्र निदान सूचनेशिवाय छापायला नको होते.

कायद्याबद्दल लेखाने ‘जुन्या गाडीला काहीही चालते’ असे म्हणून हात झटकले आहेत. तसे नाही. अमेरिकेत बंपरविषयीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात प्रवासी गाडीला पुढे आणि मागे बंपर असलाच पाहिजे असा कायदा आहे, आणि ज्या गाड्या मुळात बंपरशिवाय विकल्या गेल्या त्यांना त्यातून सूट आहे. त्याच राज्यात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, पण 1976 पासूनच्या गाड्यांना नाही. म्हणजे 1970 च्या ट्रान्स अॅमचा शेकर उघडणारा आणि 1977 च्या ट्रान्स अॅमचा शेकर उघडणारा एकच काम करत असले, तरी तिथे पहिल्याला कोणी विचारणार नाही आणि दुसऱ्याला तपासणीत उत्तर द्यावे लागेल. जिथे गाडीची नोंदणी आहे त्या राज्याचा नियम वाचूनच सुटे भाग मागवावेत.

नकली स्कूपविषयी वर लिहिलेच आहे, त्याला एक जोड देतो. 1969 च्या मस्टँगच्या मागच्या चाकांच्या वर, बाजूला, हवेची नकली तोंडे होती. डिझायनर लॅरी शिनोडा यांनी जेव्हा त्याच गाडीपासून बॉस 302 चे रूप घडवले, तेव्हा त्यांनी ही तोंडे काढून टाकली आणि पुढे खाली एक स्पॉइलर बसवला, ज्याला काम होते. अमेरिकी मसल कारमधील सर्वांत देखण्या रूपांपैकी एक अशा रीतीने भर घालून नव्हे, तर बिनकामाची वस्तू काढून तयार झाले, हे आपल्या लेखकाने ध्यानात घ्यावे असे वाटते. लेखकाने काढायला सांगितलेली वस्तू, म्हणजे बंपर, मात्र नेमकी कामाची आहे.

लेखमालेचा दुसरा भाग लवकरच येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात स्कूपची छायाचित्रे छापताना गाडीचे बॉनेट उघडून, खालच्या बाजूने काढलेले एकेक छायाचित्रही छापावे आणि स्कूप उघडा आहे की बंद, सील बंद बॉनेटला टेकते की नाही, हे मथळ्यात लिहावे, अशी विनंती आहे. लेखातील सात छायाचित्रांपैकी एकाही स्कूपबद्दल वाचकाला ते आज ठरवता येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक